लंघनाकडून पेजेकडे : कुत्र्याच्या बिघडलेल्या पोटाची साडेचार दशकं

सत्तरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत आपल्याकडे कुत्र्याचं पोट बिघडणं ही दखल घेण्यासारखी गोष्ट नव्हती. कुत्रा ओसरीवर किंवा परसदारी असायचा. उरलेली भाकरी, ताकभात, कधी मटणाची हाडं असं मिळेल ते खायचा आणि पोट बिघडलं की कोपरा धरून पडून राहायचा. घरातली मोठी माणसं सांगायची, "आज त्याला काही घालू नका, आपोआप बरा होईल." बहुतेक वेळा तो व्हायचाही. धडधाकट, वयात आलेल्या कुत्र्याचे साधे जुलाब दोन-तीन दिवसांत थांबतात, हे तेव्हाही खरं होतं आणि आजही आहे. जे बरे होत नसत, त्यांच्याबद्दल "काहीतरी विषारी खाल्लं असेल" एवढंच बोललं जायचं. तालुक्याच्या गावी गुरांचा दवाखाना असे, पण तिथल्या डॉक्टरांचा सगळा दिवस गाई-म्हशी, बैल आणि शेळ्यांत जाई. परळला १८८६ मध्ये सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच आवारातलं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय यांचा आधार मुंबईकरांना होता. सातारा-सांगलीच्या कुत्र्याला तो मिळणं अवघड होतं.

१९७८ मध्ये हे चित्र बदलायला लागलं. त्या वर्षी जगाच्या वेगवेगळ्या भागांत जवळजवळ एकाच वेळी कुत्र्यांची पिल्लं रक्ताचे जुलाब होऊन मरू लागली. कारण होतं पार्व्हो नावाचा नवा विषाणू. मांजरांच्या पॅनल्युकोपेनियाच्या विषाणूशी त्याचं जवळचं नातं होतं आणि कुत्र्यांच्या शरीराला त्याची अजिबात ओळख नव्हती. दोन वर्षांच्या आत तो जगभर पोचला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मद्रासकडून भारतातल्या नोंदी आल्या आणि पुढे तो देशभर ठाण मांडून बसला.

पार्व्हो शरीरातल्या वेगाने वाढणाऱ्या पेशींवर हल्ला करतो. आतड्याच्या आतल्या अस्तराखाली नव्या पेशी तयार करणारा एक थर असतो, तोच तो नष्ट करतो. जुन्या पेशी काही दिवसांत झडतात, त्यांच्या जागी नव्या येत नाहीत आणि आतडं आतून सोललं जातं. त्याच वेळी अस्थिमज्जेवर घाव बसून रक्तातल्या पांढऱ्या पेशी कोसळतात. म्हणजे जंतूंना रक्तात शिरायला वाट मोकळी आणि त्यांना अडवायला कोणी नाही. उपचार मिळाले नाहीत तर दहातली नऊ पिल्लं दगावतात. पार्व्होच्या पिल्लाजवळ जो बसला आहे त्याला त्या जुलाबाचा वास पुढे कधीही ओळखता येतो. पिल्लू पाण्याच्या भांड्यावर तोंड ठेवून बसतं, पण पीत नाही. प्यायलं तर क्षणात ओकतं. हिरड्यांना बोट लावलं की त्या चिकट लागतात. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली की ती पटकन खाली बसत नाही, उभीच राहते. शरीरातलं पाणी किती गेलं आहे हे सांगणाऱ्या या दोन खुणा त्या काळात डॉक्टरांनी आम्हाला दाखवल्या. घरातल्या माणसाच्या हाती आलेली ती पहिली खरी विद्या होती.

लस यायला फार वेळ लागला नाही. सुरुवातीला तर दोन्ही विषाणूंच्या नात्याचा फायदा घेऊन मांजरांची पॅनल्युकोपेनियाची लसच कुत्र्यांना टोचली गेली. मग खास कुत्र्यांसाठीच्या लशी आल्या. तरीही लस टोचलेली काही पिल्लं आजारी पडत, आणि "लस काही कामाची नाही" असं लोक म्हणत. त्यामागचं कारण समजायला थोडा काळ गेला. आईच्या पहिल्या दुधातून पिल्लाला जी संरक्षक प्रथिनं मिळतात, तीच लशीला निष्फळ करतात. ती ओसरली की पिल्लू उघडं पडतं, आणि ती नेमकी कधी ओसरतील हे पिल्लागणिक बदलतं. म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सुरुवात करून दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत लस द्यायची पद्धत पक्की झाली. आजही पहिला डोस देऊन पुढचे विसरणारी घरं आहेत, आणि पार्व्हो त्याच फटीतून आत येतो.

ऐंशी आणि नव्वदच्या दशकांत शहरांत कुत्र्यांच्या जाती वाढल्या. पॉमेरेनियन आले, डॉबरमन आले, अल्सेशियन आले. त्यांच्यासोबत पोटाचे नवे आजारही कळू लागले. माझ्या शेजारी तेव्हा एक अल्सेशियन कुत्री होती. अधाशासारखी खायची आणि तरी तिच्या बरगड्या मोजता यायच्या. शी भरपूर, फिकट, तुपकट. जंताची औषधं देऊन झाली, खाणं वाढवून झालं, ती वाळतच गेली. शेवटी निदान झालं ते स्वादुपिंडाचं. अन्न पचवणारी पाचकद्रव्यंच ते तयार करत नव्हतं. या जातीत हा दोष आनुवंशिक आहे. मग तिच्या प्रत्येक जेवणात पाचकद्रव्यांची पूड कालवली जाऊ लागली. शेजारच्या काकू भांड्यात भात-मटण घेत, त्यावर पूड पसरत आणि हाताने नीट कालवून मगच समोर ठेवत. काही आठवड्यांत तिच्या पाठीवर मांस आलं. पूड एका जेवणाला चुकली तरी दुसऱ्या दिवशीच्या शीवर ते दिसायचं. पोटाच्या आजारात ताटलीच औषध होऊ शकते, हे तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

ही कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत मार्क मॉरिस या पशुवैद्यांनी एका अंध माणसाच्या बडी नावाच्या वाटाड्या कुत्र्यासाठी मूत्रपिंडाच्या आजारावरचा खास आहार बनवला, आणि १९४८ पासून तो डबाबंद विकला जाऊ लागला. आजारानुसार अन्न हा विचार तिथून रुजला. आपल्याकडे तयार खाद्य सहज मिळू लागलं ते उदारीकरणानंतर, आणि पोटाच्या आजारांसाठीचं खास खाद्य त्याच्याही नंतर.

या सगळ्या काळात एक समज मात्र हलत नव्हती : उलट्या-जुलाब सुरू झाले की उपाशी ठेवायचं. ती नुसती आपल्या घरांपुरतीही नव्हती. चोवीस ते अठ्ठेचाळीस तास पोटाला विश्रांती द्या, असं पशुवैद्यकाची पाठ्यपुस्तकंही सांगत. आपल्याला ते लगेच पटत असे, कारण लंघनावरचा विश्वास आपल्या हाडीमाशी खिळलेला आहे.

माणसांच्या बाबतीत ही समज आधी ढासळली. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या वेळी बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत पटकी पसरली तेव्हा सलाईनच्या बाटल्या संपल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचं पाणी पिंपांतून लोकांना पाजलं, आणि मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं ते ४ टक्क्यांच्या खाली आलं. जुलाब सुरू असतानाही आतडं ग्लुकोजच्या जोडीने मीठ आणि पाणी शोषून घेतं, हे त्यामागचं कारण. पुढे मुलांच्या डॉक्टरांनी जुलाबातही बाळाचं खाणं बंद करू नका असा आग्रह धरला. आतड्याची ही रचना कुत्र्यातही तीच आहे. तरी कुत्र्याच्या ताटलीपर्यंत हा विचार यायला आणखी तीन दशकं लागली.

निर्णायक काम झालं दक्षिण आफ्रिकेत. प्रिटोरिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ मध्ये पार्व्होच्या ३० पिल्लांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना उलट्या थांबेपर्यंत उपाशी ठेवलं. निम्म्यांना दाखल केल्यापासून सुमारे बारा तासांतच नाकातून अन्ननलिकेत घातलेल्या नळीने थोडं थोडं अन्न द्यायला सुरुवात केली. ज्यांना खाऊ घातलं ती पिल्लं लवकर सावरली आणि त्यांचं वजनही वाढलं. कारण उमगलं की आश्चर्य उरत नाही. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी आपलं पोषण मोठ्या प्रमाणात थेट आतून जाणाऱ्या अन्नातून घेतात. अन्न थांबलं की त्या आक्रसतात, त्यांची भिंत झिरपू लागते आणि जंतू रक्तात शिरतात. विश्रांती म्हणून आपण जे देत होतो, ती त्या पेशींची उपासमार होती.

मला विचाराल तर या साडेचार दशकांतला सगळ्यात मोठा बदल हाच. औषधंही चांगली आली, उलटी थांबवणारं मॅरोपिटंट २००६-०७ च्या सुमारास आलं आणि त्याने पिल्लांना लवकर खाऊ घालणं शक्य झालं. पण त्या इंजेक्शनची खरी किंमत कळली ती त्याच्यामागून चमचाभर पेज पोटात टिकली तेव्हा.

आता ही पेज कशी, ते सांगायलाच हवं, कारण घराघरांतला गोंधळ इथेच होतो. कोंबडीचं मांस हाड, कातडी आणि चरबी काढून साध्या पाण्यात शिजवायचं. मीठ नाही, तिखट नाही, तेल-तूप नाही. कांदा-लसूण तर मुळीच नाही, कारण त्यांनी कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. तांदूळ नेहमीपेक्षा जास्त पाण्यात शिजवून गुरगुट्या भात करायचा. एक वाटी मांसाला दोन ते तीन वाट्या भात, बोटाने एकजीव कुस्करून. सुरुवातीला जास्त पाणी घालून पेजेसारखं पातळ, मग हळूहळू घट्ट. नेहमीच्या दोन जेवणांऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. पहिल्या दिवशी नेहमीच्या खाण्याचा चौथा ते तिसरा हिस्सा पुरे. उलटी झाली तर दोन-तीन तास थांबून पुन्हा चमच्याने सुरुवात. ओकत असलेल्या किंवा गुंगीतल्या कुत्र्याच्या तोंडात सिरिंजने जबरदस्तीने काही ओतायचं नाही, ते फुप्फुसात जाऊ शकतं. शी दोन दिवस बांधलेली आली की नेहमीचं अन्न थोडं थोडं मिसळत पाच ते सात दिवसांत पूर्ववत करायचं. शिजवलेला लाल भोपळा किंवा चिमूटभर भिजवलेलं इसबगोल यांचा अनेक कुत्र्यांना उपयोग होतो. दूध टाळावं. दूध पिण्याचं वय सरलं की दुधातली साखर पचवण्याची कुत्र्याची ताकद घटते, आणि दूध-पोळीवर वाढलेल्या किती कुत्र्यांची शी वर्षानुवर्षं सैल राहते हे कोणत्याही डॉक्टरला विचारा. भात-कोंबडी हे आजारपणातलं जेवण आहे, हेही विसरता कामा नये. त्यात कॅल्शियम आणि इतर बरंच काही कमी पडतं. आठवडा-दोन आठवड्यांपलीकडे त्यावर राहिलेला कुत्रा, आणि पिल्लू तर नक्कीच, दुसऱ्या दुखण्याला तोंड देऊ लागतो.

भात कुत्र्याला पचतो का, हा वाद या काळात बराच झाला. "कुत्रा लांडग्याचा वंशज, त्याला कच्चं मांसच हवं" असं ठासून सांगणारे आले. २०१३ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातल्या संशोधकांनी लांडगा आणि कुत्रा यांची जनुकं तपासली. पिष्ट पचवणाऱ्या पाचकद्रव्याच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, कुत्र्यात चार ते तीस. माणसाच्या उंबऱ्यावर हजारो वर्षं काढताना कुत्र्याचं पोट शेतकऱ्याच्या धान्याशी जुळत गेलं. आपल्या आज्यांनी ओसरीवरच्या कुत्र्याला भाकरीचा तुकडा घातला, त्याला कुत्र्याच्या शरीराची साक्ष आहे.

पुन्हा पुन्हा बिघडणाऱ्या पोटाचा उलगडाही याच काळात झाला. ज्या कुत्र्यांना महिनोन्‌महिने सैल शी होते, अधूनमधून पित्ताची उलटी होते, त्यांतले निम्म्याहून अधिक नुसतं अन्न बदलून सुधारतात, हे आता पक्कं माहीत आहे. पूर्वी कधी न खाल्लेलं एखादं प्रथिन किंवा बारीक तुकडे केलेली प्रथिनं असलेलं खास खाद्य दोन आठवडे काटेकोरपणे द्यायचं. काटेकोरपणे म्हणजे आजोबांच्या हातचं बिस्कीट नाही, पाहुण्यांनी दिलेला पापड नाही, औषधाची गोळी पेढ्यात लपवून देणंही नाही. अनेक घरांत हा उपचार फसतो तो ताटाखाली सरकवलेल्या घासांमुळे. घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवून हे समजावणं हा उपचाराचाच भाग आहे.

दुसरा मोठा बदल औषधांच्या बाबतीतला. नव्वदच्या दशकापासून पुढे कितीतरी वर्षं, जुलाब म्हटलं की मेट्रोनिडाझोल, हे समीकरण ठरलेलं होतं. घरातल्या औषधांच्या डब्यात ती गोळी असायचीच, तीच अर्धी करून कुत्र्याला दिली जायची. मग आतड्यातल्या उपकारक जंतूंच्या वस्तीचा अभ्यास सुरू झाला. २०२० मधल्या एका अभ्यासात निरोगी कुत्र्यांना दोन आठवडे ही गोळी दिली, तेव्हा ती वस्ती विस्कटली आणि काही कुत्र्यांत औषध थांबवून चार आठवडे झाले तरी पूर्ववत झाली नाही. २०२४ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञांनी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत सौम्य आणि मध्यम जुलाबांना प्रतिजैविक देऊ नका असं स्पष्ट म्हटलं आहे. पार्व्होसारख्या आजारात, जिथे पांढऱ्या पेशी कोसळल्या आहेत आणि आतड्याची भिंत फुटली आहे, तिथे प्रतिजैविक हवंच. साध्या पोटदुखीत मात्र त्याने नुकसान होतं. निरोगी कुत्र्याच्या विष्ठेतले जंतू आजारी कुत्र्याच्या आतड्यात सोडण्याचा उपाय आता ब्राझीलपासून अमेरिकेपर्यंत करून पाहिला गेला आहे, आणि २०२३ मध्ये अमेरिकेत पार्व्होवर एक खास प्रतिपिंडाचं इंजेक्शनही मंजूर झालं. हे उपाय आपल्या तालुक्यांपर्यंत येतील तेव्हा येतील. गोळीचा डबा बंद ठेवणं आजच शक्य आहे.

ही सगळी माहिती हाताशी असताना घरी काय करायचं नाही, तेही तितक्याच ठामपणे सांगायला हवं. मे महिन्यात आंब्याची कोय आणि पावसाळ्यात मक्याचं बोंडुक गिळून आतडं बंद झालेली कुत्री दवाखान्यांत येतात. अशा कुत्र्याला पेज देत बसणं म्हणजे शस्त्रक्रियेची वेळ घालवणं. सतत ओकणारा, पोटाला हात लावू न देणारा, शीच न करणारा कुत्रा त्याच दिवशी डॉक्टरकडे जायला हवा. ग्रेट डेन, डॉबरमन, अल्सेशियन अशा खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगलं, तो उमासे काढतोय पण काही पडत नाही, असं दिसलं तर पोटाला पीळ पडलेला असू शकतो, तिथे हिशेब तासांचा असतो. दिवाळीत मनुका घातलेला फराळ, मटणाच्या रश्शावरची तर्री, केकमधलं चॉकलेट यांनी मूत्रपिंड, स्वादुपिंड आणि हृदय धोक्यात येतं. काळी डांबरासारखी शी आणि पांढुरक्या हिरड्या दिसल्या तर आकडीजंतांनी रक्त पिऊन टाकलं असण्याची शक्यता मोठी, विशेषतः पिल्लांत, कारण हे जंत आईच्या दुधातूनच त्यांना मिळतात. माणसांच्या वेदनाशामक गोळ्या कुत्र्याला कधीही द्यायच्या नाहीत. आणि ज्या गोष्टीने लोक उगाच घाबरतात तीही सांगतो : गवत खाणं. अमेरिकेत झालेल्या पाहणीत गवत खाणाऱ्या कुत्र्यांपैकी फारच थोडे आधी आजारी दिसले आणि नेहमी ओकणारे सुमारे पाचातले एक निघाले. बहुतेक निरोगी कुत्र्यांत हे नेहमीचं वर्तन आहे.

मागे वळून पाहताना समाधान वाटतं ते यासाठी, की या सगळ्या वाटचालीत घरातल्या माणसाचं काम वाढत गेलं. पूर्वी त्याने कुत्र्याला कोपऱ्यात सोडून द्यायचं होतं. आता हिरड्या बघणं, शी कशी आहे हे रोज पाहून लिहून ठेवणं, वजन करणं, थोडं थोडं भरवणं आणि कधी थांबायचं ते ओळखणं, हे सगळं त्याच्याकडे आलं आहे. डॉक्टरांपुढे "कालपासून बरं नाही" एवढंच सांगणाऱ्यापेक्षा "चार वेळा पातळ शी, शेवटची चिकट आणि रक्त असलेली, पाणी पितोय पण टिकत नाही" असं सांगणाऱ्याचा कुत्रा लवकर बरा होतो, कारण निदान अर्धं झालेलं असतं.

राहिलं आहे ते रस्त्यावरच्या पिल्लांचं. नगरपालिकांच्या कार्यक्रमात भटक्या कुत्र्यांची नसबंदी होते, रेबीजची लस दिली जाते, पण पार्व्होची लस त्यात नाही. विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, चपलांवरून घरात येतो, आणि सोसायटीच्या गेटजवळची पिल्लं एकामागून एक जातात. या पिल्लांना रोज ग्लुकोजची बिस्किटं घालणारी माणसं प्रत्येक गल्लीत आहेत, आणि त्यांच्या मायेबद्दल मला आदर आहे. त्यांना माझी एकच विनंती आहे. वर्गणी काढायचीच असेल तर पहिला खर्च लशीवर आणि जंताच्या औषधावर करा, बिस्किटांऐवजी मऊ भात द्या, आणि पिल्लू गळालं तर ते आपोआप बरं होईल म्हणून वाट पाहू नका. उपाशी ठेवून बरं होण्याची वाट पाहण्याचा काळ आपल्या घरांपुरता संपला आहे, रस्त्यावरही तो संपवणं आपल्याला जमण्यासारखं आहे.